पाण्यातल्यांना अहो-जाहो

लतीफचाचा माणसांना अरे-तुरे करतात आणि माशांना अहो-जाहो.

"शांत बस की रं जरा," हे आपल्याला. "ते आलेत. बघतायत. त्यांना ठरवू दे," हे पाण्यातल्या मरळीबद्दल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी साहेब धरणाच्या पाहणीला आलेत. तो उठून उभा राहतो, शर्ट नीट करतो, आणि चाचा त्याला खांद्याला धरून खाली बसवतात. कारण सावली हलली की 'ते' निघून जातात.

माशांमध्येही त्यांच्याकडे मानपान आहे. कटला म्हणजे शेठ. मरळ म्हणजे साहेब. शिंगाळा म्हणजे हवालदार, मिशांमुळे. वाम म्हणजे बाई, कारण त्या अंगाला हात लावू देत नाहीत. एकेरी उल्लेख फक्त चिलापीचा. "ती आगाऊ हाय. कुणी बोलावली न्हाई, आपली आपण आली, आन आता बाकीच्यांना बसाय जागा न्हाई."

भोरमध्ये चाचांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. लहानपणापासून चाचांना मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करताना पाहिलं. भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्यांनी कधी ना कधी बाहेर काढल्यात. चाचींना जाऊन बरीच वर्षं झाली. पुढे मुलानं, युनूसनं, दुकान हायवेला वरव्याजवळ नेलं, आणि चाचा पासष्टाव्या वर्षी रिकामे झाले. रिकामा माणूस स्कूटर घेऊन भाटघरच्या पाण्याकडे जाऊन बसायला लागला. तिथं एकदा पुण्याच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "काका, इथे मासे कुठे मिळतील?"

"मिळायचं असतील तर बाजारात. भेटायचं असतील तर चल," चाचा म्हणाले.

तो माणूस गेला त्यांच्याबरोबर. संध्याकाळी निघताना त्यानं पैसे दिले आणि म्हणाला, "तुम्ही फार छान गाईड आहात." झालं. आठ दिवसांत स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात अक्षरं आली : 'फिशिंग गाईड. माशांची भेट घडवून दिली जाईल.' मच्छीमार सोसायटीची मासेमारीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी छातीच्या खिशात ठेवली, ती कुणी न विचारता दाखवायला सुरुवात केली.

मग एके दिवशी ते माझ्याकडे आले. "सुध्या, तुझ्या मोबाईलवर लिही. गाईड घेतला की काय काय व्हणार ते आधीच सांगितलेलं बरं. नंतर तक्रार नको."

मी लिहायला बसलो. ते सांगत गेले. अत्तर लावून येऊ नये. लाल शर्ट घालू नये. घरी भांडून येऊ नये; आल्यास काठावरून फोन करून मिटवावं, मगच गळ टाकावा. पाण्याजवळ रस्सा, तळणं, मसाला यांचं नाव काढू नये. "त्यांच्या तोंडावर असलं बोलू न्हाई. तुझ्यापुढं कुणी तुझं कालवण कसं करायचं ते बोललं तर तू बसशील का?"

"मासा मिळेल असं लिहू का?" मी विचारलं.

"मिळंल लिहू नगंस. भेटंल लिही. आन भेटायचं का न्हाई ते त्यांच्याकडं हाय."

शेवटची अट गळाला लावायच्या खाद्याची होती. चाचा कणकेत शेंगदाण्याची पेंड, थोडी बडीशेप आणि आणखी काहीतरी घालून गोळा मळतात. तो आधी स्वतः खाऊन बघतात आणि मग गिऱ्हाइकाला खायला लावतात. पाहुण्याला वाढायच्या आधी घरच्यांनी चव बघायची असते, असं त्यांचं म्हणणं. मी हे सगळं टाईप केलं आणि इंटरनेटवर टाकलं. मला वाटलं, आता कुणी येणार नाही. पण लोक येत राहिले. शहरातल्या माणसाला कुणी इतकं रागावत नसावं.

चाचांचे विचार पक्के होते. सारोळ्याच्या पुलाखालचे मासे हायवेचे, त्यामुळे घाईत असतात. पासलीकडच्या ओढ्यातले डोंगरातले, म्हणून तापट. भाटघरचे मात्र स्थायिक. त्यांना बोलायला वेळ असतो. एकदा आयटीतला एक जण मासे शोधायचं मशीन घेऊन आला. पाण्यात तार सोडली की पडद्यावर मासे ठिपक्यांसारखे दिसतात. चाचांनी पडदा बघितला आणि आपल्या टॉवेलनं झाकून टाकला. "कुणाच्या घरात असं डोकावून बघत्यात व्हय? त्यांनी काय घातलंय न घातलंय." तो पोरगा दिवसभर टॉवेलखाली डोकं घालून चोरून बघत होता आणि चाचा त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

अशा वेळी दामले आले.

दामले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. वय बहात्तर, राहणार कोथरूड. निवृत्तीच्या वेळी घेतलेला परदेशी रॉड चौदा वर्षं माळ्यावर पडून होता, तो वापरायचा त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी चाचांनी मला सोबत नेलं, कारण फोनवर हा माणूस फार शुद्ध बोलत होता आणि त्यांना धास्ती वाटली.

सकाळी सहाला दामले गाडीतून उतरले. डोक्याला टोपी, हातात वही.

"आलास का? चल, ते उठल्यात," चाचा म्हणाले.

"मला अहो म्हणा," दामले म्हणाले. "मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे."

"म्हणीन की. आधी पाण्यात जाऊन ऱ्हा."

दामल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ते म्हणाले, "आणि तुमच्या त्या सूचनापत्रात चूक आहे. मासा मिळतो. माणूस भेटतो."

"माझ्याकडं मासाच भेटतो. माणसं मिळत्यात."

मला वाटलं, आता हा गाडीत बसणार. पण ते काठावर जाऊन बसले. चाचांनी कणकेचा गोळा पुढे केला. एरवी गिऱ्हाईक तो जिभेला लावतं, तोंड वाकडं करतं आणि "छान आहे, छान आहे" म्हणतं. दामल्यांनी तुकडा तोडला, नीट चावून खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

चाचा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पिशवीतून मिठाची पुडी काढली.

त्या दिवशी मासा लागला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. दामले यायचे, बसायचे, वहीत वेळ लिहायचे आणि बारा वाजता चाचांची नाचणीची भाकरी आणि अंड्याचं कालवण खायचे. मधल्या वेळात दोघं भांडायचे. वारा कुठून आहे यावरून. धरणात पूर्वी पाणी जास्त असायचं की आता, यावरून. गळाची गाठ दोन वेढ्यांची की तीन. चाचा "कटलाशेठ आज नाराज हायेत" म्हणाले की दामले म्हणायचे, "माशाला नाराजी नसते, त्याला प्राणवायू कमी पडतो." मग चाचा तासभर प्राणवायूच्या मागे लागायचे. मी अधूनमधून चहा घेऊन जायचो. शंभर पावलांवरूनच त्यांचे आवाज यायचे. शांत बसायचा नियम दामल्यांना लागू नसावा, कारण सगळ्यात मोठा आवाज चाचांचाच असायचा.

तिसरा रविवार गेला, चौथा गेला. मासा नाही.

पाचव्या रविवारी मी तिथं होतो. साडेदहाच्या सुमारास दामल्यांचा रॉड कमानीसारखा वाकला. दोरी ताठ झाली. दामले उभे राहिले, टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"ओढू नगंस," चाचा कुजबुजले. "शेठ हायेत. दहा किलोच्या खाली न्हाईत. त्यांना त्यांच्या चालीनं यू दे."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. दामले दोरी गुंडाळायचे, ती पुन्हा सुटायची. चाचा काठावर वाकून, दोन्ही हात जोडून पाण्याशी बोलत होते. "या. सावकाश या. घाई न्हाई. वाईच डावीकडनं या, उजवीकडं दगूड हाय. आमचा मानूस नवा हाय, त्याला समजून घ्या." दामल्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. शेठ एक वीतभर यायचे आणि अडून बसायचे.

"लई मानी हायेत," चाचा म्हणाले. "म्या जातो सामोरा."

ते पायजमा वर करून पाण्यात शिरले. वीस पावलं गेले, तरी पाणी मांडीपर्यंतच होतं. त्यांनी वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि तसेच थांबले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याच वेळी दामल्यांनी सगळं बळ लावून हिसका दिला. कटकन आवाज होऊन रॉड मधोमध मोडला आणि चाचा मागे पाण्यात बसले. त्यांच्या मांडीवर, काळ्या पाइपाला जोडलेला, लोखंडी जाळीचा एक फूटव्हॉल्व्ह होता. मोटारीनं पाणी ओढायच्या पाइपाच्या तोंडाला असतो, तो.

वरच्या शेतातून कुणीतरी ओरडलं. मोटारीचं पाणी तुटलं होतं. भाताच्या रोपांना पाणी देणारे बबनराव बांधावरून धावत आले आणि पाण्यात बसलेल्या चाचांना बघून थांबले.

चाचांनी फूटव्हॉल्व्ह उलटा करून बघितला. "बबन, ह्यो म्याच बसवला व्हता," ते म्हणाले. "अजून चांगला हाय बघ."

मला हसू आवरेना. दामले मात्र हसले नाहीत. ते पांढरेफटक पडले होते.

"अर्धा तास," ते म्हणाले. "अर्धा तास तुम्ही एका फूटव्हॉल्व्हला अहो म्हणालात. आणि मला पाच आठवडे अरे."

मोडलेला रॉड त्यांनी तिथंच टाकला, टोपीही टाकली आणि गाडी घेऊन निघून गेले. भाकरीचं गाठोडं न सोडता तसंच राहिलं.

दोन दिवसांनी इंटरनेटवर त्यांचा अभिप्राय आला. एक तारा. मी तो चाचांना वाचून दाखवला. 'मार्गदर्शक ग्राहकांस एकेरी संबोधतात, माशांस मात्र आदरार्थी बहुवचन वापरतात. वाऱ्याच्या दिशेविषयीची त्यांची माहिती चुकीची आहे. पाच रविवारांत एक फूटव्हॉल्व्ह मिळाला. भाकरी उत्तम.'

चाचांनी नीट ऐकून घेतलं. "मिळाला लिवलंय का भेटला?"

"मिळाला."

"बघ. आईकतच न्हाई."

मी म्हटलं, आपण उत्तर देऊ. ते नको म्हणाले. पुढच्या रविवारी पहाटे त्यांची स्कूटर नेहमीसारखी सुरू झाली. दुपारी परत आले तेव्हा भाकरीचं गाठोडं तसंच होतं. त्याच्या पुढच्या रविवारी साताऱ्याहून दोन डॉक्टर यायचे म्हणत होते, त्यांना चाचांनी शनिवारी या म्हणून सांगितलं. "रविवार दिलेला हाय."

"कुणाला?" मी विचारलं.

"हाय एक जण."

असे चार रविवार गेले. पाचव्या शनिवारी त्यांनी मला घरात बोलावलं. दामल्यांचा रॉड त्यांच्या मांडीवर होता. मोडलेल्या जागी त्यांनी आतून सळई घातली होती आणि वरून मोटारीच्या कॉइलची तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून इतकी नीट गुंडाळली होती की ती दागिन्यासारखी दिसत होती. वरून वॉर्निश. चार आठवडे ते हेच करत होते.

"पत्ता काढ त्याचा," ते म्हणाले.

आम्ही एसटीनं गेलो. चाचांनी इस्त्रीचा पायजमा-शर्ट घातला होता. रॉड चादरीत गुंडाळून उभा धरला होता, आणि दामल्यांची टोपी धुऊन पिशवीत घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे. चाचा म्हणाले, "पेशंट हाय. घरी सोडाय चाललोय." कंडक्टरनं त्या लांबट गाठोड्याकडे पुन्हा बघितलं आणि स्वारगेटपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दामल्यांचं दार. मी बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"दार उघड दामल्या," चाचा म्हणाले.

आतून चपलांचा आवाज दारापर्यंत आला. मग दार उघडलं. दामले वाळले होते, दाढी वाढली होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, चादर उलगडून रॉड बघितला. तांब्याच्या तारेवरून बोट फिरवलं.

"तार जाड आहे," ते म्हणाले. "यापेक्षा बारीक हवी होती. वजन पुढे येणार."

"बारीक लावली आस्ती तर पहिल्याच वढीत तुटली आस्ती."

"का तुटेल? ताण सळईवर येणार, तारेवर नाही."

दारातच दहा मिनिटं गेली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि परत लावलं. मला वाटतं, त्या जिन्यात दामल्यांचा एवढा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. शेवटी दामले म्हणाले, "आत या, पंखा लावतो," आणि आम्ही आत गेलो.

चाचा खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. खालून घरघर येत होती. "कसला आवाज ह्यो?"

"आमच्या सोसायटीचा पंप."

"बेअरिंग गेलंय त्याचं. रोज आईकतोस आन गप बसतोस?" असं म्हणून ते जिना उतरून गेलेसुद्धा.

दामले चहा करायला स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग गेलो. ओट्यावर एक कप, एक बशी, एक ताट. आणखी दोन कप त्यांना वरच्या फळीवरून काढून धुवावे लागले. आधण ठेवता ठेवता ते म्हणाले, "त्या जागेवर मासा नाही, हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं."

"म्हणजे?"

"दोरीला गाठी मारून खोली मोजली मी. अडीच फूट पाणी. त्यात म्हैस डुंबेल, पण मोठा कटला येणार नाही. तीस वर्षं पाणीच मोजलंय मी."

"मग तुम्ही पुन्हा तीन वेळा कशाला आलात?"

ते साखरेचा डबा उघडत होते. "साखर किती घालू तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी एक चमचा म्हटलं. ते दोन घालून ढवळत राहिले. मग म्हणाले, "त्यांना मात्र हे सांगू नका. त्यांना खरंच वाटतं तिथे मासे आहेत. वाईट वाटेल त्यांना."

मी सांगणार नाही म्हणालो.

चाचा अर्ध्या तासानं वर आले, हाताला ग्रीस. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलं. दामले म्हणाले, साखर बरोबर आहे, गार चहा गोड लागतो. निघताना दामले दारापर्यंत आले. "रविवारी सहाला येतो. मागच्यासारखं वाऱ्याकडे पाठ करून बसवू नका मला."

"तू वेळेवर ये आधी," चाचा म्हणाले.

परतीच्या एसटीत चाचा खिडकीला बसले. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. जो माणूस पाण्याचा रंग बघून खाली कोण बसलंय ते सांगतो, त्याला अडीच फूट पाणी कळलं नसेल?

"चाचा, दामल्यांना तुम्ही दर रविवारी त्याच जागी का न्यायचात?" मी विचारलं. "तिथं मासे आहेत?"

"तिथं कुठलं मासं," ते म्हणाले. "बेडूक बी न्हाई."

कात्रजचा बोगदा आला आणि गेला. मग बाहेर बघतच बोलायला लागले. "पलीकडच्या डोहाला नेला आस्ता तर पयल्याच दिशी दोन शेठ भेटलं आस्तं. फोटो काढला आस्ता, गेला आस्ता. परत कशाला आला आस्ता? युनूस चांगला हाय रं. सून बी चांगली. म्या म्हणलं ऊन लई हाय, की हां अब्बा. म्या म्हणलं आज ऊनच न्हाई, तरी हां अब्बा. मोबाईलमधनं मान वर न्हाई. तू बी तसलाच. व्हय चाचा, बरोबर चाचा. समदी चांगली हायेत. ह्यो दामल्या एकटाच, एकेक शब्द आईकतो. आईकल्याबिगर मानूस चूक काढंल का?"

माझ्या तोंडात 'हो चाचा' आलं होतं. ते मी गिळलं. खेड शिवापूर आलं. मला मोटारीतलं काही कळत नाही, घरातला मिक्सर बिघडला तरी मी चाचांना हाक मारतो.

"चाचा," मी म्हटलं, "त्या सोसायटीच्या पंपाचं बेअरिंग गेलेलं नाही. मला वाटतं शाफ्ट वाकलाय."

ते हळूहळू माझ्याकडे वळले. मग अख्खेच वळले, गुडघ्यांसकट. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"आवाजावरून वाटलं."

"शाफ्ट वाकल्यावर तसला आवाज येतो व्हय? आईक नीट." त्यांनी घशातून आधी बेअरिंगचा आवाज काढून दाखवला आणि मग शाफ्टचा. पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळून बघायला लागल्या.

"मला दोन्ही सारखेच वाटले," मी म्हणालो.

कापूरहोळला गाडी भोरकडे वळली तेव्हा चाचा माझ्या तळहातावर बोटानं मोटार काढून दाखवत होते, आणि मी अजून नाहीच म्हणत होतो.